साडेसत्तावीस बाळांची आत्या

"हळू मारा गं बायांनो, सोमवारी ऑफिस आहे मला."

पाळण्यावर ओणवं होऊन ती हे म्हणायची, तेव्हा तिच्या पदराखाली पाठीवर अंघोळीचा टॉवेल असायचा, चार पदरी घडी घातलेला. तो दिसू नये म्हणून वरून शाल. टेक्सासात, जूनमध्ये, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेलेला असताना शाल पांघरलेली बाई दिसली की प्लेनोतल्या मराठी माणसाला काही विचारावं लागायचं नाही. आज कुठेतरी बारसं आहे, एवढं कळायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी बारसं लांबून, जेवणाच्या रांगेतूनच पाहिलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. बाळाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि त्याच क्षणी भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात, हे मी आजवर एकोणीस जणांना विचारलं. एकवीस उत्तरं मिळाली.

प्लेनोत बाळाला बाकी सगळं मिळतं. पाळणा ऑनलाइन येतो. घुगऱ्यांना हरभरे मिळतात. वरवंट्याला झबलं घालून पाळण्याखालून फिरवायचं असतं, तिथे आम्ही थर्मास चालवून घेतो. बाराव्या दिवसाचंही तसंच. आमच्याकडे बारावा दिवस नेहमी शनिवारी येतो. मिळत नाही ती आत्या. कुणाची आत्या व्हिसाच्या रांगेत असते, कुणाच्या आत्याच्या मुलाची दहावी असते, कुणाच्या आत्याचे गुडघे एवढ्या लांबच्या विमानाला नाही म्हणतात.

तेव्हा ती असायची. चौदा वर्षांत तिने सत्तावीस बाळांना नावं ठेवली. हा आकडा माझा आहे, त्यामुळे बरोबर आहे. मी विमा कंपनीत दाव्यांचे आकडे तपासतो, आणि तिच्या बाळांची यादी मीच ठेवत असे. ती स्वतः "तीसेक" म्हणायची. या "तीसेक"वरून आमची पुष्कळ भांडणं झाली.

सुरुवात आमच्याच घरून झाली. मोठ्या मुलीचं बारसं. अपार्टमेंटातलं दोन खोल्यांचं घर, माणसं एकोणीस, पैकी बायका आठ. माझी बहीण नाशिकला, तिला व्हिसा मिळाला नव्हता. आत्या कुणी व्हायचं यावर आठही जणी एकमेकींना आग्रह करत होत्या, म्हणजे पुढे कुणीच होत नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. दारात एक सडपातळ बाई, हातात गाडीची किल्ली. खालच्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेली. जिन्यात दोनदा हसलो होतो, एवढीच ओळख. आमच्या कुणा पाहुण्याची पांढरी गाडी तिच्या जागेत उभी होती, ती काढा, असं सांगायला ती आली होती.

गाडी कुणी काढली नाही. उलट तिलाच आत ओढलं. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, तुला भाऊ आहे का? ती म्हणाली, नागपूरला दोन बहिणी आहेत, भाऊ नाही.

"मग आत्या होण्याचा योग तुला दुसरा कुठून यायचा? वाक," काकू म्हणाल्या.

ती वाकली. मी कागदावर लिहून दिलेलं नाव तिने बाळाच्या कानात सांगितलं. पाठीत मारतात हे मात्र कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आठ जणींचे हात एकदम पडले तशी ती ताठ उभी राहिली, एकेकीकडे नीट पाहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे काहून?"

मग घुगऱ्या खाताना तिने सांगितलं, की त्यांच्या घरी नाव ठेवताना बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील म्हणतात, खीर वाटतात. मारहाण नसते. हे सांगून तिने आणखी एक वाटी घुगऱ्या घेतल्या. जाताना पुन्हा पाळण्याशी गेली आणि झोपलेल्या मुलीला म्हणाली, "मी आत्या. खालीच राहते." पांढरी गाडी संध्याकाळी सहाला निघाली. तोवर ती आमच्याकडेच होती.

दुसऱ्या दिवसापासून मी "भाऊ" झालो आणि बायको "वहिनी". तोंडदेखलं नव्हे. एखाद्या पदावर नेमणूक झाल्यासारखं तिने ते घेतलं. मुलीच्या लशींच्या तारखा तिला पाठ, पहिला दात तिला आधी दिसला. पुढे आम्ही घर घेतलं, तर दोन वर्षांनी तिनेही तीन गल्ल्या सोडून घेतलं. एकटी राहायची. लग्नाचा विषय कुणी काढला तर म्हणायची, "सर्व्हर डाउन आहे."  नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवायच्या.

आमच्यानंतर दुसऱ्या घरून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. पाळण्याची गाणी ती फोनवर ऐकून शिकली. नागपूरकडची, तिच्या ओळखीची बौद्ध कुटुंबंही प्लेनोत पुष्कळ. त्यांच्याकडे ती वंदनेला पांढरी साडी नेसून पुढे बसायची. त्यामुळे कुणीही आमंत्रण दिलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मार आहे की शांतता?"

शांतता असेल तर टॉवेल घरी राहायचा.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय ती तुम्हाला कळणार नाही. एका शनिवारी तिला दोन बारशी होती. सकाळी फ्रिस्कोला, दुपारी अर्विंगला. दोन्ही मुलगे, दोन्ही नावं तिने एकाच चिठ्ठीवर लिहून घेतलेली. दोन्हीकडे कार्यक्रम छान झाला, जेवणं झाली, ती घरी निघाली. हायवेवर तिच्या लक्षात आलं, की सकाळी फ्रिस्कोच्या बाळाच्या कानात तिने अर्विंगच्या बाळाचं नाव सांगितलं होतं. सर्वांसमोर मोठ्याने सांगताना बरोबर सांगितलं, कारण तेव्हा बाळाच्या आईने भिंतीवर लावलेला बोर्ड समोर होता. कानातलं चुकलं. कुणाला कळणं शक्य नव्हतं. बाळ पंधरा दिवसांचं.

ती फ्रिस्कोला परत गेली. अठ्ठावीस मैल. संध्याकाळी सहा वाजता दार उघडणाऱ्या त्या बापाला म्हणाली, "तुमच्या मुलाच्या कानात चुकीचं नाव राहिलं आहे. काढायला आली." मग बाळाच्या कानात हळूच फुंकर घालून जुनं नाव बाहेर काढलं, मिनिटभर थांबली, आणि योग्य ते घातलं. त्या बापाने मला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, की असा काही शास्त्रार्थ असतो का? मी म्हटलं, शास्त्रार्थ माहीत नाही, पण दुरुस्तीची पद्धत बरोबर आहे. आधी चुकीची नोंद रद्द करायची, मग नवी घालायची.

शाळेतला किस्सा त्याहून गाजला. शाळेत प्रत्येक मुलामागे एक फॉर्म भरावा लागतो. आईबाप सापडले नाहीत तर कुणाला बोलवायचं, त्याचं नाव आणि नातं. आमच्या भागातल्या एकाच शाळेत एका वर्षी तिची नऊ मुलं होती, नऊ घरांतली. नऊही फॉर्मवर तिचं नाव, आणि नात्यापुढे वडिलांची बहीण. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी एकदा तिला थांबवून विचारलं, तुम्हाला एकंदर भाऊ किती? ती म्हणाली, "नऊ." बाईंनी हळहळून तिच्या आईची चौकशी केली.

मी तिला सांगितलं, की फॉर्मवर सही असते, खोटं लिहिणं बरं नाही.

"भाऊ, त्यात खोटं काय आहे ते दाखवा," ती म्हणाली.

मी फॉर्म दोनदा वाचला. मला दाखवता आलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी शेहेचाळीस वर्षांचा, बायको बेचाळीसची, मुलगी चौदाची, आणि आम्हाला कळलं की घरात बाळ येणार आहे. आम्ही तीन दिवस कुणाशीच बोललो नाही, एकमेकांशीही बेताचंच. मग पहिल्यांदा तिला सांगायचं ठरलं. ती नागपुरी पुडाच्या वड्यांचा डबा घेऊन आली होती. मी ड्राइव्ह-वेवरच सांगितलं. तिने डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि ती खाली सिमेंटवर बसली. बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. समोरचा शेजारी गवत कापायचं थांबवून बघायला लागला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचं तर सगळं हिशोबात असते ना?"

मुलीची प्रतिक्रिया वेगळी होती. "डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग," एवढं म्हणून ती चार दिवस आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आत्या तिला गाडीत घालून कुठेतरी घेऊन गेली. दोघी परत आल्या त्या हातात सोळा नावांची यादी घेऊन. पैकी पंधरा मुलीने सुचवलेली आणि आत्याने खोडलेली होती. शिल्लक राहिलेलं नाव होतं निनाद.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मी त्या दिवशी कामासाठी ह्यूस्टनला, चार तासांच्या अंतरावर. दुपारी दोन वाजता बायकोला कळा सुरू झाल्या. आत्या ऑफिसची मीटिंग अर्धी टाकून आली आणि तिने बावीस मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. आत कोण येणार म्हणून नर्सने विचारलं, तेव्हा तिने आपलं नातं सांगितलं, वडिलांकडून, हेही सांगितलं. मी पोहोचलो तेव्हा मुलगा चाळीस मिनिटांचा होता आणि तिच्या मांडीवर होता. तिने मला अभिनंदन वगैरे काही म्हटलं नाही.

"सहा पौंड चौदा औंस," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल म्हणून पाठ करून ठेवलं."

त्यानंतर दहा दिवसांनी नाशिकहून बहिणीचा फोन आला. तिच्या व्हिसाची तारीख अचानक अलीकडे आली होती, मुलाखत झाली होती, शिक्का मिळाला होता. ती शिकवते त्या शाळेतून तिने रजा काढली होती. बारशाच्या आदल्या गुरुवारी ती येणार होती. बोलता बोलता तिचा आवाज बदलला. मुलीच्या बारशाच्या दिवशी ती फोनवर रडली होती, ते मला आठवलं. तेव्हा म्हणाली होती, दादा, माझ्या वाट्याचं नाव दुसऱ्याच कुणी ठेवलं. चौदा वर्षं तिने ते मनात धरलं होतं, आणि धरण्यात काही चूकही नव्हती.

मी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. ती बाळाला थोपटत होती.

"आता इथल्या आत्याला काय सांगणार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सांगायचं काय, सख्खी बहीण येते आहे, ती समजून घेईल. बायको म्हणाली, समजून तर घेईलच, तोच तर त्रास आहे. मग म्हणाली, "ती पहिल्यांदा आपल्या घरी आत्या झाली. आपल्याकडेच ती पाहुणी ठरली, तर बाकीच्या सव्वीस घरी ती कोण?"

मी एक तक्ता केला. एका बाजूला बहिणीचे मान, दुसऱ्या बाजूला तिचे. काजळ हिने, टोपडं तिने. नावाची अक्षरं तीन असल्यामुळे दोघींत समान वाटली जात नव्हती, तर त्यासाठी आडनावाचा विचार केला होता. बायकोने तो तक्ता वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाली, हा कागद त्या घरात बाहेर काढू नका.

मी आत्याकडे गेलो. ती वड्यांची पारी लाटत होती. मी अमेरिकन व्हिसा पद्धतीवर जवळजवळ दहा मिनिटं बोललो. ती लाटत राहिली.

"म्हणजे खरी आत्या येऊन राहिली," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"बरं झालं. डुप्लिकेटचं काम संपलं." आणि हसली. मीही हसलो. मग तिने विमानाचा नंबर विचारला. गुरुवारी तुम्हाला ऑफिस असेल, मीच आणते ताईंना, म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी तू येशील ना? ती म्हणाली, येणारच, घुगऱ्या कोण वाटणार? पण मार आहे की शांतता, हे तिने विचारलं नाही. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या घरून रिकाम्या हाताने परतलो. वड्या समोर ताटात होत्या. तिच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी बहीण आली. सामानात बाळाचं झबलं-टोपडं, चांदीचे वाळे आणि घरचं काजळ. बॅग तेवीस किलोला दोनशे ग्रॅम कमी, मी वजन करून पाहिलं. चहा पिऊन झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही बाई काय करते रे? गाडीत माझ्याकडून तीनदा कुर्रर्र करून घेतलं तिने. नाकातून नको, जिभेवरून काढा, म्हणाली."

मी सांगितलं, की टेस्टिंगमध्ये आहे.

शनिवारी माणसं त्रेचाळीस होती, बायका सतरा. ती आली ती साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. शाल नाही, म्हणजे आत टॉवेलही नाही. घुगऱ्यांचं मोठं ताट घेऊन ती पार पलीकडे, जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली. लोक येत होते, तिला आत्या म्हणत होते, आणि ती प्रत्येकाला माझी बहीण दाखवत होती, "त्या बघा, त्या आत्या." मी हे तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकू येऊ नये म्हणून बाहेर खुर्च्या मोजायला गेलो.

पाळण्याची वेळ झाली. बहीण घाबरली होती. चौदा वर्षं वाट पाहिलेल्या गोष्टीची वेळ झाली की माणूस घाबरतंच. बहिणीने हात करून तिला जवळ बोलावलं, विसरले तर सांगा म्हणून. त्यामुळे ती ताटासकट पाळण्याजवळ आली आणि बहिणीपासून तीन फुटांवर उभी राहिली. गाणं झालं. थर्मास फिरला. बहीण वाकली, बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, जिभेवरून स्वच्छ कुर्रर्र काढलं आणि नाव सांगितलं. मग डोळे मिटले, खांदे आवळले आणि पाठ पुढे केली.

सतरांतून बायको, बहीण आणि ती वजा केली की चौदा उरतात. चौदा जणींचे हात वर गेले, आणि पडले ते तीन फूट पलीकडे, तिच्या पाठीत.

दोष कुणाचा नव्हता. नाव पुकारलं की त्या पाठीत मारायचं, एवढंच त्या हातांना माहीत होतं. ताट उडालं. वर पंखा चालू होता. घुगऱ्या पंख्यापर्यंत गेल्या आणि पंख्याने त्या सबंध हॉलमध्ये समान वाटल्या. माझ्या चष्म्यावर एक हरभरा चिकटला. पडदे, केक, एका काकांची टोपी, काही सुटलं नाही. बाळ मात्र झोपूनच राहिलं.

 चौदा जणींचे हात आता तोंडावर होते. पहिल्या बारशातल्या त्या काकू एवढंच पुटपुटल्या, "अगं बाई, सवयीनं गं." ती खाली गुडघ्यांवर बसली होती आणि मान वर न करता हरभरे गोळा करत होती. म्हणत होती, की यांची चूक नाही हो ताई, मीच उगाच मध्ये उभी राहिली. हे ती फार भराभर म्हणत होती. तिला मी इतक्या वर्षांत एकदाही चुकून कुणाच्या मध्ये उभी राहिलेली पाहिली नव्हती.

बहीण अजून तशीच ओणवी होती. तिने एक डोळा उघडला.

"मला कुणी मारणार आहे की मी अशीच राहू?"

हसण्याचा जो लोट उठला त्यात बहिणीचेही धपाटे उरकले. ती पाठ चोळत सरळ झाली. खाली बसलेल्या तिच्याकडे बघितलं, मग चौदा जणींकडे, मग भिंतीवर, जिथे मुलीने या घरातल्या सगळ्या वाढदिवसांचे फोटो लावले होते. त्यांतल्या बहुतेक फोटोंत कडेला, केकच्या मागे, फुग्याच्या आड, कुठेतरी एक तोच चेहरा होता. बहीण किती वेळ बघत होती ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं नाही.

"ताई, इकडे या," बहीण तिला म्हणाली. "याचा दुसरा कान रिकामा आहे अजून."

ती हरभरे उचलतच राहिली. म्हणाली, एका बाळाला दोन आत्या चालत नाहीत.

"न चालायला काय झालं? माझ्या दादाला दोन बहिणी आहेत."

ती उठली. हात ओढणीला पुसले. पाळण्याला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि वाकली. सत्तावीस वेळा केलेली गोष्ट. पण आवाज फुटेना. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. 

"जिभेवरून काढा," बहीण म्हणाली.

ती हसली आणि त्या हसण्यातच कुर्रर्र निघालं. मग तिने डाव्या कानात नाव सांगितलं. बायका या वेळी हात आवरून उभ्या होत्या, मारावं की नाही या विचारात. पहिला धपाटा माझ्या बहिणीने घातला. त्यानंतर कोण कुणाला मारत होतं, ते मला नोंदवता आलं नाही. माझी चौदा वर्षांची मुलगी, जी मराठी कार्यक्रमात फोनमधून डोकं वर काढत नाही, तीही त्यात होती. मला स्वतःला दोन बसले. नियमात बसत नसताना.

पंखा मी चालू असतानाच पुसायला गेलो, असं बायको आजही लोकांना सांगते. ते खरं नाही. बंद केला होता. थांबायच्या आधी पुसायला गेलो.

यादीत मी त्या दिवशी प्रामाणिकपणे अर्धं बाळ लिहिलं. एकूण साडेसत्तावीस. उरलेलं अर्धं बहिणीच्या नावावर. प्लेनोची आत्या खूप चिडली. "अर्धं काहून? कान तर पूर्ण होता," असं म्हणाली, आणि महिनाभर हे प्रकरण तिने प्रत्येक जेवणात काढलं. बहीण नाशिकला परत गेली, तरी दोघींचा दर शनिवारी फोन असतो. विषय मी असतो. मला दोन्ही बाजूंनी एकाच चुकीबद्दल बोलणी बसतात, तीही एकाच शब्दांत.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीने तिचा विभाग न्यू जर्सीला हलवला. ती आता एडिसनला राहते. तिकडे म्हणे खऱ्या आत्या बऱ्याच येतात, त्यामुळे बोलावणी कमी. "इकडे मंदी आहे भाऊ," असं सांगते. प्लेनोत मागच्या महिन्यात एक बारसं झालं. आत्या म्हणून कुणी तरी उभी राहिली, नीट पार पडलं. धपाटे अगदी सभ्य होते. 

आमच्याकडे तिचा फोन रविवारी सकाळी येतो. निनाद आता अडीच वर्षांचा आहे. त्याला व्हिडिओ चालत नाही, कानालाच फोन लागतो. मी उजव्या कानाला लावला, तर तो माझा हात बाजूला करतो आणि मान वळवून डावा कान पुढे आणतो. नाशिकचा फोन असेल तर उजवा. हे त्याला कुणी शिकवलं याची मी चौकशी केली. बायकोने नाही. मुलगी म्हणते, "आय स्वेअर, नॉट मी." मी तर नाहीच.

ती तिकडून काय सांगते ते आम्हाला ऐकू येत नाही; तो ऐकतो आणि मधून मधून हसतो. बोलणं संपतं, ती फोन ठेवते, तरी हा फोन दोन्ही हातांनी डाव्या कानाशी धरून खिडकीपाशी उभाच राहतो. गेल्या रविवारी मी घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं.